मासा पाण्यात, जीव टांगणीला!

काय मंडळी, गळ टाकून मासे धरलेत का कधी? ओढ्यावर, तळ्यावर, नाहीतर कोकणात मामाच्या गावी खाडीच्या काठाला? गळाला गांडूळ लावायचं, दोरा पाण्यात सोडायचा आणि हिसका बसला की ओढायचं. मासेमारीचं एवढंच शास्त्र मला ठाऊक होतं. पण एका ऑक्टोबरात दोघा मित्रांनी मला हिमाचल प्रदेशात तीर्थन नदीवर नेलं, आणि माझं सगळं शास्त्र पाण्यात गेलं!

ही तीर्थन कुल्लू जिल्ह्यातली. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या डोंगरांतून उड्या मारत येते आणि लारजीजवळ बियासला मिळते. पाणी इतकं गार, की दोन मिनिटांत माझ्या नडग्या बधिर झाल्या. ब्राऊन ट्राउटला मात्र असंच पाणी लागतं. सोनेरी-तपकिरी अंग, त्यावर काळे आणि तांबडे ठिपके. मासा मोठा देखणा! पण तो मूळचा इथला नव्हे बरं का. १९०० साली त्याची अंडी स्कॉटलंडहून काश्मीरमध्ये आणली गेली आणि १९०९मध्ये तिथून कुल्लूला.

हे महाशय किडे खातात. मेफ्लाय नावाच्या किड्याचं पिल्लू कित्येक महिने पाण्यातल्या दगडांखाली राहतं. पंख फुटून बाहेर आलं की जेमतेम एखाद-दोन दिवसांचं आयुष्य. तेवढ्यात अंडी घालायची आणि संपलं! असा किडा पाण्यावर टेकला की ट्राउट खालून येऊन गट्ट करतो. म्हणून गळावर पिसं आणि दोरे गुंडाळून खोटा किडा बनवतात. त्यालाच म्हणतात ‘फ्लाय’.

आता सांगा, पिसाएवढं हलकं आमिष लांब फेकणार कसं? इथंच खरी गंमत आहे. वजन आमिषात नसतं, दोरीत असतं! छडी मागे न्यायची, दोरी मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मग पुढे आणायची. दोरी उलगडत जाते आणि फ्लाय अलगद पाण्यावर उतरते. निदान मित्रांची तरी उतरत होती! मी पहिल्यांदा मागचं झाड पकडलं आणि दुसऱ्यांदा स्वतःची टोपी. दोघंही पोट धरधरून हसत होते.

“अरे, आधी वाक!” एक मित्र म्हणाला. वाकायचं कशाला? वाटीच्या तळाशी नाणं ठेवा आणि ते दिसेनासं होईपर्यंत मागे सरका. मग कुणाला तरी वाटीत हळूच पाणी ओतायला सांगा. नाणं पुन्हा दिसू लागेल! पाण्याच्या पृष्ठभागावर प्रकाश वाकतो ना, त्याचा हा परिणाम. याच कारणानं माशाला काठावर उभा असलेला माणूस दिसतो. म्हणून खाली वाकायचं. शिवाय ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, तेव्हा मागून, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या बाजूनं जायचं.

दुपार कलली आणि एकदम छडी वाकली. लागला! पाच मिनिटं त्यानं मला नाचवलं. अखेर हातात आला. वीतभर लांब, ठिपके नुसते चमकत होते.

“फोटो काढ, फोटो!” मी ओरडलो. एक फोटो असा, एक तसा. एकात माझे डोळे मिटले, म्हणून आणखी एक. मग ठरल्याप्रमाणे त्याला पाण्यात सोडलं, आणि तो पोट वर करून तरंगायला लागला.

माझ्या पोटात धस्स झालं. मित्र झटकन पाण्यात शिरला. त्यानं ओल्या हातांनी माशाला खालून आधार दिला, त्याचं तोंड प्रवाहाकडे केलं आणि नुसता धरून उभा राहिला. दमछाक होईपर्यंत पळून आल्यावर कुणी तुमचं नाक-तोंड दाबलं तर? मी नेमकं तेच केलं होतं. पाण्याबाहेर कल्ल्यांच्या नाजूक झालरी एकमेकींना चिकटतात आणि माशाला श्वास घेता येत नाही.

कुणीच बोलत नव्हतं. एक मिनिट, दोन मिनिटं... कल्ले किंचित हलले. थोड्या वेळानं शेपटी हलली, आणि मासा मित्राच्या हातांतून निसटून दगडाआड गेला.

“पुढच्या वेळी मासा बाहेर काढलास की स्वतःचाही श्वास रोखून धर,” मित्र म्हणाला. “तुझा श्वास सुटायच्या आत मासा पाण्यात गेला पाहिजे.”

बसल्या बसल्या त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण तो त्यांच्या विणीचा हंगाम. मादी शेपटीनं वाळू-खड्यांत खळगा करून अंडी घालते. मी धरलेला मासा नर होता की मादी, कोण जाणे! मादी असती तर एका फोटोपायी किती पिल्लं गेली असती?

तो फोटो अजून माझ्याकडे आहे, आणि छान आलाय. पण कुणाला दाखवला, की फोटोनंतरची ती मिनिटंसुद्धा मी न विसरता सांगतो.

बरंय तर, वाटीचा प्रयोग नक्की करून बघा. भेटू पुढच्या अंकात!