वसतिगृहातील एकाकी मन

जून-जुलै उजाडला की आमच्या धर्मग्रामातील मुले-मुली उच्च शिक्षणासाठी पुण्याला, बंगळुरूला आणि अलीकडे थेट जर्मनी-कॅनडाला रवाना होतात. निघण्यापूर्वी ती आशीर्वादासाठी येतात. आईवडिलांचे प्रश्न फीचे, खोलीचे, जेवणाचे असतात. तेथे मुलाला बोलायला कोणी असेल का, हा प्रश्न आमच्या कानी क्वचितच आला आहे.

एकाकीपणा हे म्हातारपणाचे दुखणे, हा समज आता सोडून द्यावा लागेल. बीबीसीच्या २०१८ मधील पाहणीत १६ ते २४ वयोगटातील ४० टक्के तरुणांनी आपल्याला वारंवार एकाकी वाटते असे सांगितले. पंचाहत्तरीपुढील वृद्धांत हे प्रमाण २७ टक्के होते. या पाहणीच्या अभ्यासकांना व्यक्तिवादी संस्कृतीत एकाकीपणा अधिक आढळला. 'पाहा, हा पाश्चात्त्यांचा रोग!' असे म्हणण्याची घाई मात्र करू नये. ही पाहणी स्वेच्छेने उत्तरे देणाऱ्यांची होती. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार कमी उत्पन्नाच्या देशांत सुमारे २४ टक्के लोक एकाकी आहेत, तर श्रीमंत देशांत सुमारे ११ टक्के. माणसांच्या गराड्यात वाढलेल्या मुलाची सोबतीची अपेक्षाच मोठी असते. त्यामुळे थोडी उणीवही त्याला अधिक बोचत असावी, असे आम्हांस वाटते.

एकटे असण्यापेक्षा एकटे दिसण्याची लाज कधी कधी भारी ठरते. जपानमधील काही विद्यापीठांनी उपाहारगृहातील टेबलांवर आडपडदे बसवले, ते एकट्याने जेवणाऱ्याला संकोच वाटू नये म्हणून. आमच्याकडची लाज निराळी. तालुक्याच्या गावातून, मराठी माध्यमातून आलेला मुलगा वर्गात तोंड उघडत नाही, कारण आपले इंग्रजी ऐकून कोणी हसेल ही धास्ती.

या संदर्भात कॅरोलिन कट्रोना यांनी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील नवागतांचा केलेला, १९८२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आम्हांला आजही मोलाचा वाटतो. पहिल्या दोन आठवड्यांत ७५ टक्के विद्यार्थ्यांना एकाकीपणा जाणवला होता. सात महिन्यांनी हे प्रमाण २५ टक्क्यांवर आले. जे सावरले आणि जे सावरले नाहीत, त्यांनी केलेल्या खटपटींत फारसा फरक नव्हता. फरक होता तो दृष्टिकोनात. न सावरलेले विद्यार्थी दोष स्वतःच्या स्वभावाला देत आणि प्रियकर वा प्रेयसी मिळाली तरच हे दुःख सरेल असे मानत. सावरलेल्यांनी साध्या मैत्रीला महत्त्व दिले होते.

तथापि सगळा भार त्या अठरा वर्षांच्या मुलाच्या दृष्टिकोनावर टाकून आपण मोकळे होणे न्याय्य नव्हे. पुण्यात शिकून परतलेल्या एका तरुणाने आम्हांला सांगितले, की पहिल्या वर्षी तो रोज रात्री आईला फोनवर 'मजेत आहे' असे सांगत असे. दर रविवारी तो मिस्सेला जाई. मिस्सा संपल्यावर आवारात घोळके जमत. तो थोडा वेळ फाटकाशी रेंगाळून खोलीवर परते. तीन महिने त्याला कोणी नावही विचारले नाही. 'आज चेहरा का रे उतरलेला?' असे त्याला प्रथम विचारले ते मेसच्या मावशींनी.