मोहाच्या झाडाले इचारा

मार्च-एप्रिलात ताडोब्याभोवतीच्या गावांतून आमच्या बाया अंधारातच टोपल्या घेऊन मोह वेचायला निघतात. त्याच पहाटे जिप्सीवाले पर्यटकही निघतात. वाघ दोघांना दिसतो. पर्यटक फोटो घेऊन येतो. 10 मे 2025 ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाने मारल्या. मग शहरातले निसर्गप्रेमी विचारतात, जंगलात जातातच कशाला? अरे, उन्हाळ्यात शेतात काम नसतं. आमच्यातल्या अर्ध्यांना शेतच नाही. मोह आणि पान विकून पावसाळा निघतो.

1927 साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच साली इंग्रजांनी वनकायदा केला. त्यात मोहफुलाचं नाव घालून लिहिलंय: जंगलात सापडो की न सापडो, ते वनोपजच. म्हणजे आमच्या अंगणात पडलं तरी!

2006 चा वनहक्क कायदा गौण वनोपजाची मालकी देतो. चांगला कायदा आहे, नाही कोण म्हणतो? पण नीट वाचा. आदिवासी 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून राहत असला की पुरे. आम्ही बौद्ध, ढिवर मात्र 'इतर पारंपरिक वननिवासी'. आम्ही त्याआधीच्या तीन पिढ्या, 75 वर्षं दाखवायची. म्हणजे 1930 पासून. (आदिवासी भावाला सवलत आहे ती हक्काचीच. त्याच्याशी भांडण लावणाऱ्यांच्या नादी लागू नका.)

1930 साली आमच्या आज्याच्या नावाने कागद कोण करत होतं? गाव मालगुजाराचं, घर गावाबाहेर, शाळेत पाऊल नाही. ज्या व्यवस्थेने आम्हाला कागदाबाहेर ठेवलं तीच आज कागद मागते. माय दावा घेऊन गेली तर साहेब म्हणाला, पुरावा आणा. माय म्हणाली, "साहेब, मोहाच्या झाडाले इचारा ना, कोन येचते थे!" साहेब हसला.

साहेबाने एक गोष्ट सांगितली नाही. 2008 च्या नियमांतला 13 वा नियम म्हणतो, दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्यांची साक्ष लिहून घेतली तर तोही पुरावा. सोबत दुसरा एखादा लागतो: जुनी विहीर, मसणवटा. एक वही न् एक पेन, एवढंच काम. पण आपण जयंतीच्या डीजेची वर्गणी गोळा करतो. मीही तेच केलं.

मागल्या हिवाळ्यात शेजारच्या गावातला सगळ्यात म्हातारा माणूस वारला. मालगुजाराच्या काळातलं अख्खं गाव, घरागणिक, त्याला तोंडपाठ होतं. कोणी लिहून घेतलं नव्हतं.