दाता आणि दैवत

फुटबॉलचा विश्वचषक दर चार वर्षांनी येतो आणि कोल्हापूरपासून निपाणी, संकेश्वर, बेळगावपर्यंतच्या मुलखात ब्राझील व अर्जेंटिना या दोन दूरदेशांचे रंग माणसांच्या अंगावर चढतात. कोल्हापुरात तर चौकाचौकांतून मेस्सी आणि रोनाल्डो यांचे उंचच उंच फलक उभे राहतात. विश्वचषक नसतो तेव्हाही बेळगावच्या कॅम्पात किंवा टिळकवाडीत संध्याकाळी मैदानावर उतरणाऱ्या मुलांच्या पाठीवर मँचेस्टर, माद्रिद आणि बार्सिलोना हीच नावे वाचावयास मिळतात. अस्सल जर्सीची किंमत पाच-सहा हजार रुपयांच्या घरात जाते. ती सामान्य कुटुंबाला परवडणारी नसल्याने बाजारात तीन-चारशे रुपयांना मिळणारी नक्कल घेऊन हौस भागविली जाते. हा सारा पोरखेळ आहे असे म्हणून त्याकडे काणाडोळा करता येईल. परंतु ज्या मुलाला इंग्लंडमधील संघाचे अकरा खेळाडू तोंडपाठ आहेत, त्याला आपल्या गावच्या संघाचे नाव विचारले तर तो घुटमळतो, ही गोष्ट मात्र पोरखेळाची नाही. निष्ठा उदंड आहे. ती ठेवावयास जवळ जागा उरलेली नाही, असा याचा अर्थ आहे.

ही जागा कशी नाहीशी झाली हे समजून घ्यायचे तर क्रीडावस्त्रे बनविणाऱ्या कंपन्या आणि फुटबॉल क्लब यांच्यातील सोयरिकीचा इतिहास पाहिला पाहिजे. पूर्वी क्लब आपले कपडे इतर कोणत्याही मालाप्रमाणे दुकानातून विकत घेत असत. १९७३ साली इंग्लंडमधील ॲडमिरल या कंपनीने लीड्स युनायटेड या क्लबशी करार केला आणि व्यवहाराची दिशा उलटी झाली. आता कंपनीच क्लबला पैसे देऊ लागली. कारण खेळाडूंच्या अंगावरील जर्सीची प्रतिकृती मुलांसाठी विकता येते आणि आईबाप ती घेतात, हे तिने हेरले होते. त्या लहानशा ओढ्याचा पुढे महासागर झाला. मँचेस्टर युनायटेडने आदिदासशी २०१४ साली दहा वर्षांसाठी ७५ कोटी पौंडांचा करार केला आणि २०२३ साली तो आणखी दहा वर्षांकरिता ९० कोटी पौंडांवर नेला. यातील मूळ करारातले एक कलम मोठे बोलके होते. क्लब सलग दोन वर्षे युरोपच्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेत पोहोचू शकला नाही, तर कंपनीने द्यावयाच्या वार्षिक रकमेत तीस टक्के कपात होणार होती. म्हणजे कंपनीची निष्ठा गुणतक्त्याला बांधलेली आणि प्रेक्षकाची निष्ठा पराभवाच्या पावसात भिजत उभी राहणारी! तरीही कंपनी ज्या वस्तूचे मोल मोजते ती वस्तू नेमकी हीच, प्रेक्षकाची न ढळणारी निष्ठा. करारावर सही क्लब आणि कंपनी करतात. ज्याच्या जिवावर हा करार होतो, तो मात्र कुठेच नसतो.

त्याला विचारले नाही की काय होते, याची उदाहरणे जगात थोडी नाहीत. वेल्समधील कार्डिफ सिटी या क्लबचा रंग निळा. मलेशियातील नव्या मालकाने २०१२ साली तो लाल केला. अडीच वर्षे प्रेक्षकांनी जुना निळा रंग सोडला नाही, आणि जानेवारी २०१५मध्ये मालकालाच माघार घ्यावी लागली. ऑस्ट्रियातील साल्झबुर्गचा जांभळा रंग एका पेयाच्या कंपनीने २००५ साली पुसला, तेव्हा तेथील निष्ठावंतांनी जुने नाव व जुना रंग घेऊन तळाच्या विभागात नवा क्लब उभा केला. आपल्याकडे मोहन बागानचा इतिहास तर सर्वश्रुत आहे. २९ जुलै १९११ रोजी ज्या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे नमवून आयएफए शील्ड जिंकली, त्याच्या अकरापैकी दहा खेळाडूंच्या पायांत बूट नव्हते. त्या विजयाने पारतंत्र्यातील एका देशाची मान ताठ झाली. हरित-मरून जर्सीचे मोल तेथे ठरले. कोणत्याही कंपनीच्या कचेरीत नव्हे. १९९८ साली त्या क्लबच्या नावाआधी मद्य उद्योगातील एक नाममुद्रा येऊन बसली, आणि गंमत अशी की त्याच उद्योगसमूहाने प्रतिस्पर्धी ईस्ट बंगालच्या नावाआधीही आपली दुसरी नाममुद्रा लावली. २०२० साली विलीनीकरणानंतर ‘एटीके’ ही अक्षरे पुढे आली. प्रेक्षकांनी ती काढण्यासाठी तीन वर्षे आवाज उठविला. अखेर १८ मार्च २०२३ रोजी, आपल्याच फातोर्ड्याच्या मैदानावर विजेतेपद मिळाल्यानंतर, मालकांना ती अक्षरे काढण्याची घोषणा करावी लागली. फातोर्ड्याने त्या रात्री केवळ एक सामना पाहिला नाही. निष्ठेने भांडवलाकडून आपले नाव परत घेतलेलेही पाहिले.

गोव्याला मात्र या बाबतीत दुसऱ्याच्या घरात डोकावण्याची गरज नाही. आपल्याकडे खाणमालकांनी फुटबॉल जोपासला. साळगावकर, धेंपो, सेझा ही क्लबांची नावे उद्योगघराण्यांचीच नावे होती. येथे जर्सीवर जाहिरात नव्हती. अख्खा क्लबच जाहिरात होता. तरीही त्या घराण्यांनी खेळाडूंना रोजगार दिला, मैदाने राखली आणि ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक देशाला दिला, हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. २००७-०८ पासून २०१२-१३ पर्यंत आय-लीगच्या पहिल्या सहाही मोसमांत विजेता संघ गोव्याचाच होता : धेंपो तीन वेळा, चर्चिल ब्रदर्स दोन वेळा, साळगावकर एकदा. एवढ्याशा भूमीने एवढ्या मोठ्या देशावर असे अधिराज्य दुसऱ्या कोणत्या क्षेत्रात गाजविले आहे? परंतु २०१२ साली खाणी थांबल्या, २०१४ साली इंडियन सुपर लीग अवतरली आणि जुन्या स्पर्धेला दुय्यम स्थान देणाऱ्या महासंघाच्या आराखड्याचा निषेध म्हणून २०१६ साली साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो हे तिन्ही संघ आय-लीगमधून बाहेर पडले. ज्यांनी या संघांसाठी गळे कोरडे केले होते, त्यांचा कौल कोणी घेतला नाही. घेण्याची सोयही नव्हती, कारण ते प्रेक्षक होते, सभासद नव्हते. धेंपो काही वर्षांनी राष्ट्रीय पातळीवर परतला ही आनंदाची गोष्ट आहे. एफसी गोवाने २०२१ साली आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मिळविला, हेही भूषणावह आहे. पण मध्यंतरी एक पिढी वाढली, आणि तिने आपली निष्ठा उपग्रहवाहिनीवरून दिसणाऱ्या परदेशी संघांकडे नेली.

नव्या व्यवस्थेचा पाया तरी भक्कम होता काय? महासंघाने २०१० साली पंधरा वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना व्यापारी हक्क एका कंपनीकडे सोपविले. मुदत संपत आली, नवा करार झाला नाही, आणि जुलै २०२५मध्ये सुपर लीगच स्थगित ठेवण्याची वेळ आली. त्या शरद ऋतूत हक्कांसाठी निविदा काढली तर एकही बोली आली नाही! राष्ट्रीय संघाच्या जर्सीचेही तेच. २००६ पासून नायकी, २०१८ पासून सिक्सफाइव्हसिक्स, २०२३ पासून परफॉर्मॅक्स. कपडे बदलत गेले. खेळाची प्रकृती मात्र कपडे बदलून सुधारत नसते. क्रिकेटसारख्या धनाढ्य खेळातही ऑगस्ट २०२५मध्ये ऑनलाइन जुगारासंबंधीचा कायदा संमत होताच भारतीय संघाच्या छातीवरील ड्रीम इलेव्हनचे नाव रातोरात उतरले. पुरस्कर्ता हा पाहुणा असतो. तो घरधनी नव्हे, हा या सगळ्याचा इत्यर्थ आहे.

आता सीमाभागाकडे वळू. निपाणीपासून कोल्हापूर सुमारे चाळीस किलोमीटर, तर बेळगावपासून पणजी चोर्ला घाटाने शंभर-सव्वाशे किलोमीटर. म्हणजे एका हाताला पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींचा आणि शिवाजी तरुण मंडळाचा फुटबॉल, दुसऱ्या हाताला गोमंतकाचा. कोल्हापूरच्या तालमींचे वैशिष्ट्य हे की कुस्तीच्या आखाड्यातून फुटबॉल निघाला आणि पेठेची ईर्षा त्याच्या पाठीशी उभी राहिली. ही ईर्षा कधी कधी दगडफेकीपर्यंत जाते, हे लज्जास्पद आहेच. परंतु शाहू स्टेडियम भरते ते कोणा कंपनीच्या जाहिरातीमुळे नव्हे, तर पेठेतील प्रत्येकाला तो संघ आपला वाटतो म्हणून. जर्सीवर स्थानिक व्यावसायिकाचे नाव येते, पुढील वर्षी दुसऱ्याचे येते; तालमीचे नाव तेच राहते.

या दोन परंपरांच्या मधोमध असलेल्या बेळगाव-निपाणीचा मुलगा मात्र शासकीय दृष्ट्या दोहोंबाहेर आहे. कोल्हापूर पश्चिम भारत फुटबॉल संघटनेच्या कक्षेत, गोवा आपल्या स्वतःच्या संघटनेच्या, आणि बेळगाव पाचशे किलोमीटरवरील बंगळूरच्या. निपाणीची मुले ज्या देवचंद महाविद्यालयात शिकतात, ते अर्जुननगर महाराष्ट्रात आणि त्यांची घरे कर्नाटकात! सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे २००४ पासून आहे आणि त्याची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. एवढेच म्हणतो की, नावाशी जडलेली निष्ठा काय चीज असते हे या मुलखाला शिकविण्याची गरज नाही. १ नोव्हेंबर २०१४ रोजी राजपत्राने बेळगावचे बेळगावी केले. मराठी माणसाच्या जिभेवर बेळगावच राहिले. तशीच गोष्ट क्लबाच्या नावाची. कागदावर ते विकता येते, ओठांवरचे विकता येत नाही.

निपाणीची आणखी एक अडचण आहे. त्या गावाचे अर्थकारण तंबाखूवर उभे, आणि २००३च्या कायद्याने तंबाखूच्या उत्पादनांना क्रीडास्पर्धांचे पुरस्कर्तेपद निषिद्ध केले. हा निर्बंध सर्वथैव योग्य आहे. मुलांच्या छातीवर विडीचे नाव शोभले नसते. पण त्यामुळे गावातील सर्वांत मोठा धंदा मैदानाबाहेर राहिला आणि त्याची जागा दुसऱ्या कोणी घ्यावी याचा विचार मात्र झाला नाही.

पैशाशिवाय खेळ चालत नाही, असे कोणी आम्हांस सांगेल. ते आम्हांस मान्य आहे. बूट, चेंडू, प्रवास, प्रशिक्षक यांना पैसा लागतो, आणि तो देणाऱ्या कंपनीला शत्रू मानणे हा भाबडेपणा होय. प्रश्न पैसा घ्यावा की न घ्यावा हा नसून, पैशाच्या बदल्यात काय द्यावे हा आहे. आपल्या देवस्थानांची रीत या बाबतीत मार्गदर्शक ठरावी. कोणी भाविक प्रभावळ वाहतो, कोणी दीपस्तंभ बांधतो, कोणी सभामंडपात फरशी घालतो. त्याचे नाव दगडावर कोरले जाते, उत्सवात त्याला मानाचा नारळ मिळतो. परंतु म्हणून कोणी मंगेशाचे किंवा शांतादुर्गेचे नाव बदलून दात्याचे नाव ठेवीत नाही, की पालखीचा मार्ग त्याच्या दुकानावरून वळवीत नाही. दाता येतो-जातो, दैवत आणि त्याचा उत्सव भक्तांचा राहतो. क्लबच्या बाबतीत नाव, चिन्ह आणि रंग ही त्रयी म्हणजे दैवत. ती विक्रीबाहेर ठेवावी.

यासाठी प्रेक्षकाला सभासद केले पाहिजे. देवस्थानच्या महाजनकीसारखे जन्माने ठरणारे नव्हे, तर माफक वर्गणी भरणाऱ्या प्रत्येकाला खुले असे सभासदत्व. जर्मनीत १९९८ पासून क्लबमधील मताधिकाराचा अर्ध्याहून अधिक वाटा सभासदांकडेच राहावा असा दंडक आहे आणि तेथील मैदाने ओस पडलेली नाहीत. सभासदत्व हा सर्व रोगांवरील रामबाण उपाय आहे, असा आमचा दावा नाही. सभासदांच्याच मालकीच्या बार्सिलोनाने शंभराहून अधिक वर्षे कोरी ठेवलेली छाती २००६ साली युनिसेफच्या सत्कार्याला दिली आणि २०११ साली कतारच्या पैशाला. मोह सर्वांनाच होतो. पण तेथे निदान मोहाचा जाब विचारणारी सभा भरते. आपल्याकडे ती भरतच नाही.

म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. गोव्यातील प्रत्येक व्यावसायिक क्लबने नाव, चिन्ह व रंग बदलण्यास नोंदणीकृत सभासदांच्या दोनतृतीयांश मतांची अट स्वतःच्या घटनेत घालावी. वस्त्रकंपनीशी होणाऱ्या कराराची रक्कम जाहीर करावी आणि तिचा ठरावीक हिस्सा ग्रामीण मैदानांसाठी राखून ठेवावा. दर मोसमात नवी जर्सी काढून मुलांच्या आईबापांच्या खिशाला कात्री लावू नये. दोन मोसमांतून एकदा बदल पुरे, आणि नकली मालाविरुद्ध ओरड करण्याआधी सामान्य माणसाला परवडेल अशी अस्सल जर्सी बाजारात आणावी. आणि चौथी गोष्ट : गोवा, कोल्हापूर व बेळगाव येथील संघांची वार्षिक स्पर्धा तिन्ही राज्यसंघटनांनी एकत्र येऊन बेळगाव-निपाणीत भरवावी. राज्यांची सीमा कोठे असावी यावर मतभेद असतील. चेंडू तिच्या दोन्ही बाजूंना सारखाच गोल आहे, यावर नसावेत.

परदेशी संघांवर प्रेम करू नका, असे आम्ही कोणत्याही मुलाला सांगणार नाही. उत्तम खेळ कोठलाही असो, तो आपलाच. परंतु मँचेस्टरच्या संघाला बेळगावच्या मुलाचे नाव कधीच कळणार नाही. त्याच्या लेखी तो विकल्या गेलेल्या, किंबहुना नक्कल असल्याने न विकल्या गेलेल्या, एका जर्सीचा आकडा आहे. गावच्या संघाला मात्र त्याचे नाव कळते, त्याच्या बापाचेही कळते, आणि उद्या त्याला अकरांत घेणे न घेणे हेही त्या संघाच्याच हाती असते. तो संघ उभा करणे हे मालकांइतकेच गावाचे काम आहे. निष्ठा जेथे गिऱ्हाईक होते तेथे तिला किंमत लागते. जेथे ती धनी होते तेथेच तिला मान मिळतो.