उभ्या गाडीचे ब्रेक

बरीच वर्षे पडवीत उभी असलेली जुनी अँबॅसिडर ढकलूनही हलत नसेल, तर इंजिनाआधी ब्रेक पाहावेत. हँडब्रेक ओढलेलाच राहिला असला, तर मागच्या गंजलेल्या ड्रमला लायनर चिकटून बसतो. मग घाईने घण घालतात आणि बिडाचा ड्रम तडकतो! आधी चाकांना दगड लावावेत, हँडब्रेक व अ‍ॅडजस्टर सैल करावा, नंतर लाकडी हातोडीने कडेकडेने ठोकावे. आतली धूळ फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असते, ते फुप्फुसाला घातक. ओल्या फडक्याने पुसावी. ब्रेक-ऑइल हवेतला ओलावा ओढते, म्हणून व्हील-सिलिंडर आतून गंजतो. त्यातली रबरे रॉकेलने धुऊ नयेत, फुगतात. खड्डे पडलेला सिलिंडर बदलावाच. तिथे काटकसर नको. पहिली चाचणी मोकळ्या खळ्यात, बैलाच्या चालीने घ्यावी.