विमान एक तासाचं, प्रवास सात तासांचा

मुंबई ते छत्रपती संभाजीनगर हवाई अंतर सुमारे २८० किलोमीटर. विमानाला साधारण एक तास लागतो. मुंबई आता तासाभरावर आली, हे भाषणात ऐकायला बरं वाटतं. पण कोणाला तासाभरावर?

बुलडाण्यातून हिशेब करू. चिखलठाणा विमानतळ सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटर, पण चिखली, देऊळगाव राजा, जालना करत रस्त्याने जवळपास दीडशे. म्हणजे तीन तास. विमानाच्या दीड तास आधी पोहोचा. उड्डाण एक तास. मुंबईत उतरून मुक्कामी जायला आणखी दीड तास. झाले सात! त्यात गाडीभाडं वेगळंच. त्यापेक्षा शेगाव किंवा मलकापूरहून रात्रीची रेल्वे बरी, झोपून तरी जाता येतं.

गंमत म्हणजे मुंबई-नागपूर अशी नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती देऊळगाव राजा आणि मेहकरच्या जवळूनच जाते. विमानं आपल्या डोक्यावरून, आणि आपण स्टँडवर एसटीची वाट बघत!

जिल्ह्यातही सगळ्यांचं सारखं नाही. मेहकर, सिंदखेड राजाला समृद्धी महामार्गाचा फायदा झाला. जळगाव जामोद, संग्रामपूरवाल्यांनी काय करावं? त्यांना खानदेशातलं जळगाव गाठावं लागतं. १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं, चांगलंच झालं. पण खामगाव-शेगावहून तेही दीडेकशे किलोमीटर. खामगावहून तासाभराच्या अंतरावर अकोल्याचं शिवणी विमानतळ आहे, पण तिथली धावपट्टी तोकडी. ती वाढवायचा विषय वर्षानुवर्षे जमिनीच्या घोळात अडकलेला.

म्हणून बुलडाण्यालाच विमानतळ पाहिजे, अशी घोषणा मी करणार नाही. त्या घोषणेवर निवडणुका निघून जातील, विमान येणार नाही. मागायचं तर तीन गोष्टी मागा.

१) विमानाच्या वेळा पाहून बुलडाणा आणि खामगावहून एसटी सोडा. चिखलठाणा विमानतळ जालना रोडवरच आहे. बस तिथूनच जाते, फक्त वेळ जुळवायची आणि थांबा द्यायचा. याला कोट्यवधी रुपये लागत नाहीत.

२) शिवणीच्या धावपट्टीचा एकदाचा निकाल लावा.

३) खामगाव-जालना रेल्वे. मागणी शंभर वर्षांहून जुनी! हा मार्ग झाला तर मधल्या तालुक्यांतल्या माणसाला मुंबईसाठी विमानाची गरजच कमी पडेल.

मुंबईला टाटा हॉस्पिटलमध्ये तपासणीला निघालेल्या पेशंटला हवेतला एक तास जड जात नाही. त्याचा जीव जातो घर ते विमानतळ या रस्त्यात. पुढच्या वेळी कोणी हवाई अंतर सांगितलं, तर विचारा: साहेब, माझ्या गावापासून किती?

तुमच्या गावाहून जवळचं विमानतळ किती तासांवर आहे? गावाच्या नावासह कमेंटमध्ये लिहा. यादी करू आणि लोकप्रतिनिधींना देऊ.