एक काठ चिखलाचा असू द्या

हिवाळा सुरू झाला की शाळाशाळांतून सहलीचे वेध लागतात. महाबळेश्वर, पन्हाळा, गणपतीपुळे ही नावे दरवर्षी ठरलेली. त्या सहलींना माझा विरोध नाही. परंतु सांगली, मिरज किंवा सातारा येथे राहणाऱ्या विद्यार्थ्याने हिवाळ्यातील एक रविवार आपल्याच गावाच्या तळ्याकाठी घालवावा, असे मला फार वाटते. बसचे भाडे नाही, वर्गणी नाही. सकाळी सातला पोहोचायचे आणि सूर्य पाठीशी घेऊन उभे राहायचे, म्हणजे पक्ष्यांचे रंग स्पष्ट दिसतात. दुर्बीण मिळाली तर उत्तम, नसली तरी अडत नाही. कपडे मात्र भडक नसावेत.

तळ्यावर काय दिसते? काळ्या अंगाचा आणि पांढऱ्या कपाळाचा वारकरी पाण्यावर तरंगत असतो. टिबुकली क्षणात बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. लांब लाल पायांचा शेकाट्या उथळ पाण्यात चालत असतो. काठावर शेपटी वरखाली हलवत धावणाऱ्या धोब्याला तर तुम्ही ओळखताच; उर्दूत त्याला आपण 'ममोला' म्हणतो. नशीब चांगले असेल तर नारिंगी रंगाच्या चक्रवाकांची जोडीही दिसेल. हा चक्रवाक म्हणजेच आपला 'सुर्खाब'! 'त्याला काय सुर्खाबाचे पर लागले आहेत?' असे आपण घरी सहज बोलून जातो, पण ज्याच्या परांची एवढी कीर्ती, तो पक्षी कितीजणांनी पाहिला आहे? जुन्या संस्कृत काव्यात याच पक्ष्याची जोडी रात्री एकमेकांपासून दुरावते. एकच पक्षी दोन भाषांत दोन निराळ्या गोष्टी घेऊन आला आहे. मराठी शिकताना अशा भेटी झाल्या की शब्द आपोआप लक्षात राहतात.

यांतील बरेच पक्षी पाहुणे आहेत. लडाख, तिबेट, मध्य आशिया, सैबेरिया अशा प्रदेशांत थंडीने पाणी गोठते, अन्न मिळेनासे होते, तेव्हा ते इकडे येतात. दक्षिण महाराष्ट्राच्या मोठ्या जलाशयांवर येणारा पट्टकादंब हा हंस तर हिमालय ओलांडून येतो. ७,००० मीटरपेक्षा अधिक उंचीवर त्याच्या उड्डाणाची नोंद झाली आहे. इतक्या लांबून येणाऱ्या पाहुण्याला आपण काय देतो, हा माझा खरा प्रश्न आहे.

आजकाल तळ्यांचे सुशोभीकरण होते. चारी बाजूंनी सिमेंटची भिंत, फरसबंदी, कारंजे, रात्री रंगीत दिवे. डोळ्यांना हे बरे वाटते. पण पक्षी जेवतो कुठे, हे पाहा. तुतवार मऊ चिखलात चोच खुपसून किडे वेचतो. शेकाट्याला गुडघाभर पाणी लागते, तेही त्याच्या गुडघ्याएवढे! थापट्या बदक आपल्या रुंद चोचीने पाणी गाळून खाते. तलवार बदक डोके पाण्यात आणि शेपटी वर करून तळाचे अन्न शोधते, म्हणून त्यालाही फार खोल पाणी चालत नाही. काठाला उभी भिंत बांधली की पाणी काठापासूनच खोल होते आणि चिखल नाहीसा होतो. मग बुडी मारणारा पाणकावळा तेवढा राहतो. बाकीचे पुढच्या वर्षी दुसरीकडे उतरतात.

कोणी म्हणेल, चिखल म्हणजे घाण, डास आणि दुर्गंधी. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. तळ्याजवळ राहणाऱ्यांना त्रास होतो हे खरे आहे. पण दुर्गंधी सांडपाण्याची असते. गटाराचे पाणी तळ्यात सोडायचे आणि दोष चिखलाला द्यायचा, हा न्याय नव्हे. सांडपाणी थांबले, जलपर्णी काढली, तर पाण्यातले मासे आणि चतुराची पिल्ले डासांच्या अळ्या खातात. वृद्धांना फिरायला वाट हवी, मुलांना बाग हवी, हेही मान्य. त्यासाठी तीन काठ घ्या. चौथा काठ जसा आहे तसा, उतरता आणि गवताचा असू द्या. सांगलीची काळी खण असो, मिरजेचा गणेश तलाव असो, की साताऱ्याची तळी असोत, योजना आखताना हा विचार कागदावर आला पाहिजे.

सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात मायणी आहे. ब्रिटिश काळात बांधलेला तेथील तलाव पक्ष्यांसाठी प्रसिद्ध झाला. पुढे गाळ साचला, काही वर्षे पाणी आटले, आणि रोहित पक्षी येरळवाडी, सूर्याचीवाडी अशा जवळच्या तलावांवर दिसू लागले. पक्ष्याला गावाचे नाव ठाऊक नसते. त्याला पाण्याची खोली कळते. म्हणून एकच तलाव जपून भागत नाही. २०२१ साली मायणी परिसराला पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. ज्या येरळा नदीवर येरळवाडीचे धरण आहे, तीच पुढे सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे कृष्णेला मिळते. साताऱ्याचे पाणी आणि सांगलीचे पाणी असे एकाच कुटुंबातले आहे.

पाणथळ जागा वाचवण्याचा आंतरराष्ट्रीय करार २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर या गावी झाला. महाराष्ट्रातील नांदूर मध्यमेश्वरचे नाव त्या यादीत २०२० साली आले. त्याच वर्षापासून आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. पाच तारीख सोलापूरचे मारुती चितमपल्ली यांच्या जन्माची, बारा तारीख मुंबईचे डॉ. सालिम अली यांच्या जन्माची. लहानपणी टिपलेली पिवळ्या कंठाची एक चिमणी कोणती, हे विचारायला सालिम अली निसर्ग इतिहास मंडळाच्या कचेरीत गेले होते. तेथून त्यांचा अभ्यास सुरू झाला.

तुमच्या गावच्या तळ्यावर या हिवाळ्यात कोणते पक्षी आले, किती आले आणि कोणत्या काठावर बसले, हे वहीत तारखेसह लिहून ठेवा. तळ्याची नवी योजना निघाली, तर ती वही घेऊन नगरपालिकेत जाता येते.