खिशातली चिठ्ठी
दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. आपणही शिकायला, नोकरीला पुण्याला ये-जा करतो. वाटेत अपघात झाला, तर 108 ची रुग्णवाहिका येईल; पण फोन लॉक असेल, तर घरी कळवणार कोण?

फोनच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन माहिती भरा: घरच्या दोघांचे नंबर, आजार, चालू औषधे, ॲलर्जी. लॉक न उघडता ‘इमर्जन्सी’वरून ती दिसते. रक्तगट डॉक्टर तपासून घेतात. इन्सुलिन चालू आहे, हे बेशुद्ध माणूस सांगू शकत नाही.

अब्बांचा फोन बटणांचा असेल, तर हेच कागदावर लिहून, प्लास्टिकमध्ये घालून त्यांच्या खिशात ठेवा. ऊसतोडीला निघालेल्या शेजाऱ्यालाही लिहून द्या. आपल्याला लिहिता येते. हे काम आपलेच.